नकाराची नोंद

"कायदा आहे, अंमल तेवढा ढिला आहे, शिक्षण वाढले की घरभाड्यातला जातिभेद आपोआप निवळेल," असे सांगणाऱ्या सद्गृहस्थांचा हेतू शुद्ध असला, तरी त्यांचे निदान चुकले आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ साली बडोदे संस्थानच्या चाकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी नाव धारण करून पारशांच्या पथिकाश्रमात राहावे लागले, आणि तेथूनही ज्यांनी लाठ्या घेऊन त्यांना घालवले, ते त्या काळच्या अत्यंत सुशिक्षित अशा समाजातले होते.

तुळजापुराकडेच पाहावे. भवानीच्या दर्शनास येणाऱ्या लक्षावधी अनोळखी यात्रेकरूंना थारा देण्यावर ज्या गावाचा चरितार्थ चालतो, तेथे धर्मशाळेत ओळखपत्र दाखवले, वहीत नाव लिहिले की खोली मिळते, पण महिन्याच्या भाड्याने घर शोधणाऱ्या बौद्ध किंवा मातंग शिक्षकाला नळ दाखवला जातो, अनामत ठरते, आणि मग "आडनाव काय म्हणालात?" असा प्रश्न येतो. "घरात विचारून सांगतो," असे उत्तर मिळते आणि दुसऱ्या दिवशी खोली पुतण्यासाठी राखलेली निघते.

वास्तविक १९५५ च्या कायद्याच्या, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या, चौथ्या कलमात धर्मशाळेचा वापर आणि राहत्या घराचा ताबा हे दोन्ही हक्क शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. इतकेच नव्हे, तर अनुसूचित जातीच्या माणसाविरुद्ध असे कृत्य घडल्यास ते अस्पृश्यतेपोटीच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे बारावे कलम सांगते. कायदा दुबळा नाही. धर्मशाळेत वही आहे, घरमालकाचा नकार मात्र तोंडी आहे, आणि जे कृत्य घडल्याचाच दाखला नाही त्यावर कोणते कलम लावणार?

"ज्याचे घर त्याची मर्जी," हा आक्षेप भारदस्त वाटतो. परंतु खोली भाड्यास काढल्यावर भाडे, अनामत, माणसांची संख्या हे विचारण्याचा अधिकार मालकास राहतो, जन्म विचारण्याचा नव्हे. मांसाहाराची सबब तर, जेथे नवरात्रात देवीपुढे अजाबळी होतो, त्या गावात टिकणारीच नाही.

लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवण्याची जबाबदारी १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मालकावरच टाकलेली आहे. म्हणजे होकार सरकारदप्तरी जातो आणि नकार हवेत विरतो. भाड्यास काढलेल्या खोलीची नोंद नगरपरिषदेत व्हावी आणि नाकारलेल्या अर्जदारास कारण लेखी मिळावे, एवढी तरतूद झाली तर चौथ्या कलमास प्रथमच पुरावा लाभेल. असाच नकार ऐकणाऱ्या मुसलमान भाडेकरूस तर ते कलमही उपयोगी नाही, कारण त्या कलमाचा आधार अस्पृश्यता हाच आहे. म्हणून नव्या तरतुदीत जातीबरोबर धर्माचाही स्पष्ट उल्लेख असला पाहिजे.