छोट्या बांधांना वाली कोण?

चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि पायथ्याची भेंदवाडी पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेली. वीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली. धरणास गळती असल्याची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. दुर्घटनेनंतर मात्र तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखविले आणि बैल गेल्यावर झोपा करावा त्याप्रमाणे चौकशीचे आदेश निघाले. हे दुःख किनारपट्टीवरील वाचक विसरलेला नाही. परंतु तिवऱ्याचे धरण निदान सरकारी होते. जाब कोणास विचारावयाचा हे तरी लोकांस ठाऊक होते. एखाद्या जमीनमालकाने आपल्या शेतातील नाल्यावर स्वतःच्या खर्चाने बांध घातला आणि त्याची नोंद कोणत्याच दप्तरात नसली, तर तो फुटल्यावर जाब कोणास विचारणार?

हा प्रश्न जेथे पाणी मुबलक आहे तेथल्यापेक्षा जेथे ते दुर्मिळ आहे तेथे अधिक निकडीचा आहे. म्हणून आज आम्ही वाचकांचे लक्ष बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांकडे वेधू इच्छितो. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले आणि बिदर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात गेला. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या भागांत आजही हजारो मराठी घरे आहेत. सोयरिकी सीमेच्या दोन्ही अंगांस आहेत, आणि मांजरा नदी तर मराठवाड्यातूनच बिदरमध्ये उतरते.

आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. तिकडे सातशे-आठशे मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते. त्यामुळे पाणी अडविण्याची विद्या त्या भूमीत जुनी आहे. बिदरजवळील नौबादचे भुयारी करेझ बहामनी काळापासून तिची साक्ष देत उभे आहे. स्वातंत्र्यानंतर कारंजा, बेण्णीतोरा, अमरजा, लोअर मुल्लामारी असे प्रकल्प झाले. परंतु कालव्याचे पाणी प्रत्येक शेतापर्यंत पोहोचत नाही. ज्याच्या शेतापर्यंत ते आले नाही, त्याने नाल्याला पाळ घालून चार महिन्यांचे पाणी आठ महिने पुरविले, तर त्याला दोष कोण देईल? ज्या उद्यमशीलतेचे आपण सभांतून गोडवे गातो, ती हीच होय. २०१४ साली कर्नाटक सरकारने कृषिभाग्य योजनेखाली शेततळ्यांस अनुदान दिले तेही योग्यच झाले.

येथे एक भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. जमिनीत खणलेल्या तळ्यातले पाणी जमिनीच्या पातळीखाली असते. ते सहसा कोणाच्या घरावर चालून जात नाही. भराव घालून जमिनीच्या वर तोलून धरलेले पाणी मात्र सतत खाली येण्याची वाट पाहत असते. मातीचा बांध मुख्यतः दोन कारणांनी फुटतो. सांडवा अपुरा असला, अथवा गाळाने व झुडपांनी बुजलेला असला, म्हणजे पाणी भरावावरून वाहू लागते आणि बघता बघता माती कापून नेते. दुसरे कारण पाझराचे. मोरीच्या कडेने, झाडांच्या कुजलेल्या मुळांतून वा उंदीर-घुशींच्या बिळांतून झिरपणारे पाणी प्रथम स्वच्छ असते. ते गढूळ झाले की भरावाच्या पोटातील माती वाहू लागली असे समजावे. त्यातून तिकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते. नीट निवडून, थर देऊन, पाणी मारून दाबली नाही, तर ती दगा देते. एकाच नाल्यावर चार बांध असतील तर वरचा फुटताच त्याचे पाणी खालच्यावर आदळते आणि मालिकाच कोसळते. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या पावसाने भीमेला महापूर येऊन कलबुर्गी जिल्ह्यातील कित्येक गावे पाण्याखाली गेली. कोरडवाहू म्हणविणाऱ्या या प्रदेशात दोन दिवसांत केवढे पाणी येऊ शकते, याचा तो इशाराच होता.

मग कायदा काय म्हणतो? पानशेत १९६१ साली फुटले, मोरवीचे मच्छू धरण १९७९ साली फुटले. तरी धरण सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा होण्यास २०२१ साल उजाडावे लागले. या कायद्याने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी, आणीबाणीचा आराखडा आणि कसूर करणाऱ्यास शिक्षा अशा चांगल्या तरतुदी केल्या. परंतु त्या लागू होतात पंधरा मीटरहून उंच धरणांना. दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांपैकी फक्त त्यांना, ज्यांची लांबी पाचशे मीटर आहे, साठा दहा लाख घनमीटर आहे किंवा ज्यांना अशीच अन्य एखादी अट लागू पडते. दहा मीटरखालचा बांध या कायद्याच्या दृष्टीस पडतच नाही. कर्नाटकात दोन हजार हेक्टरपर्यंतचे सिंचन लघुपाटबंधारे खात्याकडे आणि चाळीस हेक्टरखालचे तलाव पंचायत संस्थांकडे, अशी वाटणी आहे. पण ती सार्वजनिक तलावांची. खासगी पाळ ही मालकाची खासगी बाब असाच सर्वत्र समज आहे.

हा समज किती जुना आहे पाहा. मद्रास इलाख्यातील कार्वेटनगरच्या जमीनदाराचे तलाव अतिवृष्टीत फुटले आणि रेल्वेचे पूल वाहून गेले. रेल्वे कंपनीने दावा लावला. १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, असे तलाव या देशाच्या शेतीस आवश्यक असून ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे. म्हणून त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याखेरीज तो जबाबदार नाही. तलावांची उपयुक्तता न्यायासनाने ओळखली हे खरेच. परंतु ज्या बांधाची नोंद नाही, तपासणी नाही, त्याच्या मालकाचा निष्काळजीपणा खालच्या वस्तीतील शेतमजुराने सिद्ध तरी कसा करावा?

इतर देशांनी यावर विचार केलेला आहे. वेल्समधील डॉलगॅरॉग येथील दुर्घटना १९२५ साली घडली आणि पाच वर्षांत ब्रिटनने जलाशय सुरक्षिततेचा कायदा केला. १९७५ च्या कायद्याप्रमाणे जमिनीच्या वर पंचवीस हजार घनमीटर पाणी साठविणारा प्रत्येक जलाशय, मालक कोणीही असो, नोंदवावा लागतो. मोठ्या जोखमीच्या जलाशयांवर देखरेख करणारा अभियंता नेमावा लागतो आणि किमान दहा वर्षांनी स्वतंत्र तपासणी होते. वेल्सने तर ही मर्यादा दहा हजार घनमीटरवर आणली आहे. उलट जेथे असे डोळे नव्हते, त्या केनियात ९ मे २०१८ च्या रात्री सोलाई येथील एका खासगी मळ्याचे मातीचे धरण फुटले आणि चाळीसहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

आमचे म्हणणे एवढेच की, बांध लहान की मोठा हे त्याच्या उंचीवर न ठरविता त्याच्या खाली कोण राहतो यावर ठरवावे. सहा मीटरचा बांध माळरानावर असेल तर त्याची फारशी चिंता नाही; तोच वस्ती, शाळा वा रस्ता यांच्या डोक्यावर असेल तर तो मोठाच समजला पाहिजे. प्रत्येक तालुक्यात अशा बांधांची यादी करावी आणि ती ग्रामपंचायतीत लावावी. यादीतील बांधांचा सांडवा व पाझर मृगापूर्वी एकदा व दिवाळीनंतर एकदा अभियंत्याने पाहावा. धोक्याच्या बांधातील पाणी उतरविण्याचा अधिकार तहसीलदारास असावा. दुरुस्तीस मात्र कर्ज वा अनुदान मिळावे. कारण गरीब शेतकऱ्याला नुसती नोटीस पाठविली तर तो बांध लपवील, सुधारणार नाही. यातून अधिकाऱ्यांना चिरीमिरीचे नवे कुरण मिळेल, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो खोटाही नाही. त्यावर उपाय यादी उघडी ठेवणे हाच आहे. जी गोष्ट सारा गाव वाचतो, ती एकट्या अधिकाऱ्यास दडविता येत नाही.

यात अपूर्व असे काही नाही. गोव्यातील खाजण शेतीत बांधाला पडलेले खिंडार हे कधीच एकट्याचे मानले गेले नाही. एकाच्या हयगयीने साऱ्यांची शेते खारी होतात, म्हणून बांध व मानस राखण्याचे काम गावाने समाईक मानले. जी व्यवस्था खाऱ्या पाण्यासाठी आमच्या पूर्वजांनी केली, ती गोड्या पाण्यासाठी करणे आजच्या सरकारांना अशक्य नसावे. मांजरेच्या खोऱ्यात तर महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगण या तिन्ही राज्यांनी आपापल्या याद्या परस्परांस द्यावयास हव्यात. सीमेचा वाद न्यायालयात चालत राहील; नाल्याचे पाणी त्याच्या निकालासाठी थांबणार नाही.