फॉरमॅटचे पैसे कोणीही घेतो, तुम्ही तुमची इमेज बनवायला शिका



कॉम्प्युटर सर्व्हिसिंगचं छोटं दुकान कसं सुरू करायचं, यावरचा व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. तेव्हापासून एकच प्रश्न सारखा कानावर येतोय. "सर, ड्रायव्हर, ऑफिस सगळं आधीच टाकलेलं तयार मॉडिफाइड विंडोज कुठून डाउनलोड करू?"

माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. कुठूनच नाही. हवं असेल तर स्वतः बनवा.

आधी माझीच एक फजिती सांगतो. धंद्याच्या सुरुवातीला एका क्लासचे बारा नवीन कॉम्प्युटर सेट करायचं काम मिळालं. मशीन इंटेलच्या सहाव्या पिढीची, पण क्लासवाल्यांना हवं होतं विंडोज ७. लायसन्स त्यांच्याकडे होतं. अडचण अशी, की विंडोज ७ च्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. सेटअपची स्क्रीन येते आणि कीबोर्ड, माऊस दोन्ही मेलेले. मी रात्रभर बसून सेटअपमध्ये ड्रायव्हर घातले, सगळं फोल्डर डीव्हीडीवर बर्न केलं आणि सकाळी ऐटीत पोचलो. पहिलं मशीन बूट होईना. दुसरं नाही, तिसरंही नाही. क्लासचे सर मागे हाताची घडी घालून उभे. डीव्हीडी उघडून बघितली तर फाइल एकूण एक जागेवर!

चूक एवढीच होती, की मी फाइली कॉपी केल्या होत्या, बूटेबल डिस्क बनवली नव्हती.

हे नीट समजून घ्या, कारण दहातले नऊ जण इथेच अडकतात. मशीन चालू झालं की बायॉस डिस्कवरच्या फाइली वाचत बसत नाही. ते डिस्कवर एका ठरलेल्या जागी जातं. डिस्क २०४८ बाइटच्या सेक्टरमध्ये विभागलेली असते, आणि शून्यापासून मोजलं तर १७ नंबरच्या सेक्टरमध्ये लिहिलेलं असतं की बूटची यादी कुठे आहे. त्या यादीत बूटच्या कोडचा पत्ता असतो. ही पद्धत १९९५ साली फिनिक्स आणि आयबीएमने ठरवली, नाव 'एल टोरिटो'. आयएसओ उघडून तुम्ही फाइली फोल्डरमध्ये काढता, तेव्हा हा पत्ता फोल्डरमध्ये येत नाही, कारण तो फाइल म्हणून दिसतच नाही. मग साध्या बर्निंग सॉफ्टवेअरने पुन्हा डिस्क बनवली की झालं! लग्नपत्रिकेत सगळ्या नातेवाइकांची नावं छापली आणि हॉलचा पत्ताच राहिला.

पेनड्राइव्हवाले म्हणतील, "सर, आम्ही तर नुसतं कॉपी-पेस्ट करतो, चालतं की!" चालतं, बरोबर आहे. यूईएफआय असलेलं नवीन मशीन फॅट३२ पेनड्राइव्हवर ठरलेल्या फोल्डरमधली बूटची फाइल थेट शोधतं. म्हणून तिथे कॉपी पुरते. पण जुनं बायॉसवालं मशीन आलं की तीच पेनड्राइव्ह गप्प. शिवाय फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि विंडोजची इन्स्टॉल डॉट विम फाइल आता बऱ्याचदा त्याच्या वर जाते. मग ती डिझम वापरून तुकड्यांत तोडावी लागते, किंवा रुफससारखं टूल घ्यावं लागतं.

आता काम कसं करायचं ते. मूळ आयएसओ मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या. ती फोल्डरमध्ये काढा. डिझमने विम फाइल माउंट करा, ड्रायव्हर घाला, सेव्ह करून अनमाउंट करा. इथे एक गोम आहे. ड्रायव्हर नुसता इन्स्टॉल डॉट विममध्ये घालून भागत नाही. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये सेटअपला एसएसडीच दिसत नाही, कारण स्टोरेजचा व्हीएमडी ड्रायव्हर सेटअपकडे नसतो. सेटअप स्वतः चालतो बूट डॉट विममधून, आणि त्यातली दोन नंबरची इमेज म्हणजे सेटअप. ड्रायव्हर तिथेही घालायला हवा. गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन "दुसरीकडे म्हणाले हार्ड डिस्क गेली" म्हणत येतं ना, त्यातल्या काही केस फक्त एवढ्याच असतात.

शेवटी आयएसओ परत बांधायची. मायक्रोसॉफ्टच्या एडीके किटमध्ये ऑस्कडीआयएमजी नावाचं फुकट टूल आहे. त्याला दोन बूट फाइली सांगायच्या: बायॉससाठी ईटीएफएसबूट आणि यूईएफआयसाठी ईएफआयसिस. दोन्ही मूळ आयएसओच्या फोल्डरमध्येच मिळतात. एकच दिली तर निम्म्या मशीनवर चालेल, निम्म्यांवर नाही, आणि दोष कुठे आहे ते शोधताना डोकं जाईल. मग व्हर्च्युअल मशीनमध्ये एकदा बायॉस मोडवर, एकदा यूईएफआयवर बूट करून बघा. गिऱ्हाइकाच्या टेबलावर पहिली टेस्ट करायची नाही. माझे बारा कॉम्प्युटर आठवा.

लिनक्सचं काम त्यामानाने सोपं. उबंटूसाठी क्युबिक नावाचं टूल आहे, बूटचं सगळं तेच सांभाळतं.

आता मुख्य मुद्दा. एवढी खटपट कशाला, तयार 'लाइट' आयएसओ फुकट मिळतेय की? अहो, ती बनवली कोणी? त्यात काय घातलंय आणि काय काढलंय? बऱ्याच अशा इमेजमध्ये डिफेंडर आणि अपडेट दोन्ही उडवलेले असतात, म्हणूनच ती 'फास्ट' वाटते. तुमच्या गिऱ्हाइकाचं बँकेचं लॉगिन, जीएसटीचा पासवर्ड, टॅली, सगळं त्याच मशीनवर आहे. उद्या पैसे गेले तर तो आयएसओ बनवणाऱ्याला शोधायला जाणार नाही. तो तुमच्या दुकानात येईल.

कायद्याचंही बघा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ बी. पायरेटेड प्रोग्राम जाणूनबुजून वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, आणि ५० हजार ते २ लाख दंड. क्रॅक घातलेली इमेज दहा मशीनवर टाकून 'ऑल सॉफ्टवेअर फ्री' बोर्ड लावणाऱ्यांनी हे एकदा वाचावं. आणि तुम्ही बनवलेली विंडोजची इमेजसुद्धा तुमच्या कामापुरतीच. तिच्या कॉप्या विकायच्या नाहीत, कुठे अपलोड करायच्या नाहीत.

गंमत म्हणजे क्रॅकची गरजच नसते बऱ्याचदा. विंडोज ८ पासून कंपनीकडून विंडोजसह आलेल्या लॅपटॉपची की मदरबोर्डमध्येच असते. तीच एडिशन टाका, नेटला जोडा, आपोआप ॲक्टिव्हेट होतं. गिऱ्हाइकाने पैसे आधीच भरलेत, आपण त्याला चोर का बनवायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्यामुळे जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकून द्या म्हणणारे येतायत. टीपीएमची तपासणी बायपास केलेली इमेज बनवता येते, मला माहितेय. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. करायचंच असेल तर हे बिलावर लिहा आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. नाहीतर सरळ लिनक्स मिंट दाखवा.

रेटचं म्हणाल तर मी फॉरमॅट आणि सेटअप या दोन वेगळ्या ओळी लावतो. फॉरमॅटला गल्लीतला रेट. सेटअपच्या ओळीत लिहितो: मूळ विंडोज, या मॉडेलचे ड्रायव्हर, अपडेट चालू, डेटा बॅकअप. घासाघीस करणारे पहिल्या ओळीवर करतात, दुसरीवर सहसा कोणी काही बोलत नाही. त्या क्लासचे सर अजून माझ्याकडेच येतात. मात्र मी पोचलो की आधी विचारतात, "आज डिस्क चालते ना?"