तळघराच्या भिंतीआडची ओल
टोरांटो परिसरात हिवाळ्यात जमीन सुमारे १.२ मीटर खोलपर्यंत गोठू शकते. घराचा पाया त्याखाली न्यावा लागतो आणि तळघर ओघानेच येते. एके काळची ही अडगळीची जागा आता भाड्याची खोली झाली आहे. तिकडे शिकावयास गेलेला मराठी विद्यार्थीही अनेकदा तेथेच उतरतो. तेव्हा तिच्या भिंती कशा रचाव्यात, हा केवळ सुतारकामाचा प्रश्न नव्हे.

रूढ पद्धत स्वस्त आहे : काँक्रीटलगत लाकडी चौकट, तीत काचतंतूंची गादी, वर प्लॅस्टिकचा पडदा. परंतु घरातील दमट हवा फटींतून गादीत शिरते, थंड काँक्रीटवर तिचे पाणी होते आणि पडदा ते वाळू देत नाही. लाकूड कुजते, बुरशी माजते. रंगविलेल्या भिंतीआड ते वर्षानुवर्षे दिसतही नाही. (भाडे मात्र दरमहा वसूल होते.) पत्र्याची चौकट कुजत नाही हे खरे, पण उष्णता वाहून नेण्यात ती लाकडाच्या कितीतरी पुढे! त्यापेक्षा आधी फोमचे तक्ते काँक्रीटला चिकटवून सांधे बुजवावेत, मगच चौकट उभारावी. खर्च वाढतो, तो घरमालकाने सोसलाच पाहिजे. फोम पेट घेतो, म्हणून त्यावर जिप्समचे आच्छादन हवेच. बाहेरचे पाणीच झिरपत असेल, तर मात्र प्रथम निचरा सुधारावा. तोवर चौकटीला हातही लावू नये.