संगणकात आयते काय असावे?

इस्लामपुरातील आमच्या विहाराच्या अभ्यासिकेला एका धम्मबांधवाने दोन जुने संगणक दान दिले. त्यांवर विंडोज १० होते. त्याची मोफत दुरुस्ती-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ इतक्या जुन्या यंत्रांवर चढत नाही. म्हणून मुलांनी डेबियन हे फुकट मिळणारे लिनक्स घातले. सी-डॅकने २००७ साली आणलेले आपले सरकारी ‘बॉस’ही याच डेबियनवर उभे आहे.

इथवर सगळे सुरळीत होते. वाद पेटला तो काळ्या पडद्यावरून, म्हणजे ज्यावर माउस न वापरता कमांड टाइप करायच्या असतात त्यावरून. तिथे लिहिण्यासाठी आयता कोणता संपादक उघडावा? राजारामनगरला अभियांत्रिकी शिकणारा आमच्या वस्तीतील मुलगा म्हणाला, “व्हीआयच ठेवा. नोकरीच्या ठिकाणी तोच असतो.” बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहिलेला हा संपादक आजही जगभर चालतो, हे खरेच. पण आयटीआयला जाणारी एक मुलगी तो उघडून बसली आणि तिला बाहेरच पडता येईना. शेवटी तिने यंत्राचे बटण दाबून ते बंद केले. आधी एस्केप, मग कोलन आणि मग क्यू, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते!

नॅनो नावाचा दुसरा संपादक १९९९ साली ख्रिस अलेग्रेटा यांनी सुरू केला. त्याच्या पडद्याच्या तळाशी कोणती कळ काय करते ते लिहिलेले असते. (तिथले टोपीसारखे चिन्ह म्हणजे कंट्रोलची कळ, एवढे मात्र सांगावे लागते.) डेबियनमध्येही लिहिण्यासाठी नॅनोच आयता पुढे येतो आणि व्हीआयची छोटी आवृत्ती सोबत असते. आम्ही तेच कायम ठेवले. ज्याला ठाऊक आहे तो आपल्याला हवे ते केव्हाही बदलून घेतो. जे आयते मिळते त्यावरच दिवस काढायचे असतात ते नवख्याला. ज्याचे वडील कारखान्यावर आणि आई भांगलणीला, त्या पोराच्या घरी विचारायला कोण आहे?

दुसरा वाद फाइल पुसण्याचा. आरएम ही कमांड दिली की फाइल गेलीच. ती कचराटोपलीत जात नाही, “नक्की का?” असेही कोणी विचारत नाही. एका मुलीचा शिष्यवृत्तीसाठी टाइप केलेला अर्ज असाच गेला आणि तिला तो रात्री बसून पुन्हा लिहावा लागला. आम्ही म्हटले, आरएमने आधी विचारावे अशी व्यवस्था करून टाका. तसे करता येते. पण त्या अभियांत्रिकीवाल्याने आम्हाला अडवले. तो म्हणाला, “इथे विचारायची सवय लागली, तर उद्या कामावर न विचारणाऱ्या यंत्रापुढे ही पोरे बेसावध बसतील.” त्याचे म्हणणे आम्हाला पटले. आता आरएमला हात लावलेला नाही. ट्रॅश-सीएलआय हे छोटे साधन घातले आहे, त्याने फाइल टोपलीत जाते आणि परत काढता येते. मुलांना तीच कमांड आधी शिकवतो.

अभ्यासिकेत इंटरनेट नाही. म्हणून मॅन, म्हणजे प्रत्येक कमांडची माहिती देणारी पाने, जागा वाचवायला काढू नका असे आम्ही बजावले. मात्र ही पाने बहुतेक इंग्रजीत आहेत. चुल्लवग्गात कथा आहे की, दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदसात घालण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी ती नाकारली आणि आपापल्या भाषेत ते शिकण्याची अनुज्ञा दिली. त्या कथेची आठवण काढून मुलांनी एक वही सुरू केली आहे. एका पानावर एक कमांड, तिचा अर्थ मराठीत आणि ती चुकली तर काय होते तेही.

वहीची अकरा पाने भरली आहेत. व्हीआयमधून बाहेर पडण्याचे पान पहिले आहे. आता कीबोर्डवर चिकटवायच्या मराठी अक्षरांच्या पट्ट्या हव्या आहेत. कोणाकडे पडून असतील तर रविवारी वंदनेला येताना आणाव्यात.