मध सोडला, पण मधमाशीला सोडलं का?



परवा आमच्या शिंदखेड्यात, आपल्याच एका घरी, परसातल्या लिंबावरचं मोहोळ जाळलं. माणूस बोलावला, पैसे दिले, अंधार पडल्यावर टेंभा लावला. सकाळी झाडाखाली माश्यांचा सडा. त्या घरात मधाचं बोट जन्मात कुणी चाखलेलं नाही!

राग येईल, तरी विचारते. मध आपण का सोडला? त्यात जीवहिंसा आहे म्हणूनच ना? मग पैसे देऊन जाळवलं ते काय? करणं, करवणं, अनुमोदन, तिन्हींनी कर्म बांधलं जातं, हे स्थानकात आपण कितीदा ऐकलंय. इरियावहीत चउरिंदिया म्हणून ज्यांची क्षमा मागतो, त्यात माशी येते.

“पोरांना डसतात,” म्हणाल. दारावर आग्या मोहोळ असेल तर भीती खरी. पण झुडपातलं फुलोरी मोहोळ तळहाताएवढं, डिवचलं नाही तर मुकाट असतं. आणि आग्या माश्याही फुलोरा सरला की आपणहून उठून जातात. तेवढी कळ आपल्याला काढवत नाही?

दुसरं पाप फवाऱ्याचं. इथे मीही चुकले. सीताफळ फुलावर असताना पिठ्या ढेकूण दिसला, लगेच औषध मारलं. त्या साली फळं धरली चार. मग समजून घेतलं. सीताफळाचं फूल आधी मादी असतं, नंतर नर. स्वतःचे पराग त्याला वेळेवर मिळत नाहीत. मधमाशीचाही तिथे फारसा उपयोग नाही. तिळाएवढे भुंगेरे आत शिरून पराग पोचवतात. मी नेमके तेच मारले! त्यात आपली खानदेशची कोरडी, तापलेली हवा. फळ आधीच कमी धरतं.

आता पूर्ण उमललेल्या फुलांतले पराग वाटीत घेते आणि सकाळी लवकर मऊ ब्रशने अर्धवट उघडलेल्या फुलांना लावते. फळं वाढली. पण खरं सांगू? दहा फुलं होईपर्यंत मान अवघडते. भुंगेरे हेच काम फुकट करत होते.

दशवैकालिकाच्या पहिल्याच अध्ययनात साधूच्या गोचरीला भुंग्याची उपमा आहे: फुलाला न दुखवता थोडं थोडं घेणारा. आगमाने ज्याला साधूशेजारी बसवलं, त्याला आपण टेंभा दाखवतो.

चातुर्मासात हिरवी भाजी सोडाल, रात्रीचं पाणी सोडाल. यंदा आणखी एक पच्चक्खाण घ्या: फुलोऱ्यात फवारा नाही, मोहोळाला आग नाही. मध सोडणं सोपं होतं. तो आपल्याला कधी लागतच नव्हता.