शेतकऱ्याचे आजारपण आणि सरकारी विमा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील विम्याची रक्कम दर कुटुंबामागे सालीना दीड लाखावरून पाच लाख करण्याचे राज्य सरकारने जुलै २०२३ मध्ये ठरविले, व १ जुलै २०२४ पासून ते अमलात आले. शिधापत्रिकेचा रंग न पाहता योजनेचे दार सर्वांस मोकळे झाले, ही गोष्ट चांगलीच झाली. तथापि आमच्या यवतमाळसह चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांस सातबाऱ्याच्या आधारे ही योजना पूर्वीपासूनच लागू होती. म्हणजे आमच्या बहुतेक वाचकांस नवे मिळाले ते एवढेच, की आकडा वाढला. चावडीवर हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी हाच आकडा आहे. आमच्या मते रोग एकीकडे आहे आणि लेप दुसरीकडे लावला जात आहे.

ही योजना इस्पितळात दाखल झालेल्या रोग्याकरिता आहे. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार असली संकटे ओढवली असता तिचा आधार मोठाच आहे, व तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु शेतकऱ्याच्या घरी आजार काही शस्त्रक्रियेच्या वाटेनेच येत नाही. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, फवारणीनंतरची घेरी, म्हातारीचे गुडघे, पोराचा न हटणारा ताप, यांपायी डॉक्टरची फी व औषधाच्या दुकानाचे बिल महिन्यामागून महिना चालते. घरी राहून घेतलेल्या या औषधास योजनेत जागा नाही. सरकारी ग्रामीण रुग्णालयांतून १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले आहेत, हे खरे. पण निंदण सोडून रांगेत उभे राहण्याचा दिवस कोणी भरून देत नाही, म्हणून माणूस खाजगी दवाखान्याची पायरी चढतो.

ती पायरी किती महाग पडते, हे सरकारच्याच पाहणीवरून दिसेल. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील खेड्यांतून खाजगी इस्पितळात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च २७,३४७ रुपये निघाला. सरकारी इस्पितळात तो ४,२९० रुपये होता. त्या साली लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,३२० रुपये होता. आमची उभी हयात तहसील कचेरीत बेरजा-वजाबाक्या करण्यात गेली, तेव्हा हाही हिशेब सहज केला: सरकारी इस्पितळ म्हणजे एक क्विंटल कापूस, खाजगी म्हणजे सव्वासहा क्विंटल!

खाजगी विमा घ्यावा, असे कोणी सुचवितात. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील अठरा टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला, ही सवलत थोडी नव्हे. पण वयाबरोबर हप्ता चढतो, आणि हप्त्याची तारीख श्रावणात पडली तर त्या वेळी कास्तकाराच्या हाती उधारीशिवाय दुसरे काय असते?

कारखान्यातील मजुराकरिता १९४८ सालीच राज्य विमा कायदा झाला. त्याचा पाया १९४४ च्या प्रा. अडारकर यांच्या अहवालाने घातला होता. त्या कायद्याखाली कामगारास दवाखान्यातील औषध तर मिळतेच, शिवाय आजारपणात बुडालेल्या मजुरीचा मोठा हिस्साही मिळतो. सोंगणीच्या ऐन दिवसांत अंथरूण धरलेल्या शेतकऱ्यास असे काही नाही. मागणीच करावयाची तर आकडा वाढविण्याची नव्हे, या दोन गोष्टींची केली पाहिजे.

तोवर स्वस्थ बसावे काय? आमच्या शेजारीच एक उदाहरण घडले आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या वतीने डॉ. उल्हास जाजू यांनी १९८० नंतरच्या दशकात वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन विमा उभा केला. वर्गणी सुगीच्या वेळी, ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानाने, भूमिहीनास कमी. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाली तरच गाव घ्यावयाचे, असा दंडक होता. त्यामुळे केवळ आजारी माणसेच वर्गणी भरतील ही विम्याची जुनी खोड आपोआप मोडली. गावातच आरोग्यसेवकाकडून औषध मिळे. अचानक आलेल्या दुखण्यास रुग्णालयात मोफत उपचार, व आधी ठाऊक असलेल्या खर्चात सवलत मिळे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्ध्याहून कळंबपर्यंत आगगाडी सुरू झाली. तिच्यातून ही कल्पनाही इकडे यावी.

आता ज्वारी फारशी उरली नाही, सोयाबीन आहे. एकरी पाच किलो धरल्यास २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने सुमारे २६६ रुपये होतात. दहा एकरवाल्यास २,६६४. हजार एकर पेऱ्याच्या गावी ही रक्कम अडीच लाखांवर जाते. यात मोठी शस्त्रक्रिया बसणार नाही, तिच्याकरिता सरकारी योजना आहेच. पण रोजची औषधे ठोक भावाने आणून ठेवणे व आठवड्यास एक दिवस डॉक्टर गावी आणणे यांस या रकमेचा चांगलाच हातभार लागेल. मोठे जमीनदार अधिक देतील व औषध सर्वांस सारखे, यावर कुरकूर होईलच. त्यांनी एवढे पाहावे, की फवारणीस जाणारा गडी आजारी पडला म्हणजे कोणाचे वावर पडून राहते. हिशेबाची वही मात्र प्रत्येक ग्रामसभेत उघडी ठेवावी. ती पेटीत गेली की योजना बुडालीच समजावी. ज्या गावांस हे पटेल त्यांनी आपली कुटुंबसंख्या, पेऱ्याचे एकर व गेल्या सालच्या औषधांच्या पावत्या यांचा मेळ घालून सुगीपूर्वीच्या सभेपुढे ठेवावा.