गहू सोडण्यापूर्वी

सहा महिने पूर्ण झाले की बाळाच्या वाटीत मऊ वरणभात येतो. पाठोपाठ रव्याची खीर, गव्हाचे सत्त्व आणि दुधात भिजवलेले बिस्किट. या वाटीवर बहुतेक घरांत आजीचेच लक्ष असते. म्हणून आजचा विषय मुद्दाम आजी-आजोबांसाठी आणि बाळाला सांभाळणाऱ्या सर्वांसाठी निवडला आहे.

“बाळाला गहू पचत नाही असे वाटते, बंद करून पाहू का?” हा प्रश्न पहूरसारख्या गावातही आता विचारला जातो. शंका रास्त असू शकते. परंतु गहू बंद करण्यापूर्वी तपासणी झाली पाहिजे, हा क्रम मात्र चुकता कामा नये.

गहू आणि जव यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणकेला येणारा चिवटपणा त्याचाच. काही मुलांत या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्याचे मखमली अस्तर झिजून सपाट होते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. या विकाराला ‘सीलिॲक’ म्हणतात. उत्तर भारतात तो साधारणतः शंभरात एकाला आढळतो. दक्षिणेत त्याचे प्रमाण बरेच कमी आहे.

गव्हाशी असलेले हे नाते उमगले, त्यामागे एक दुष्काळ आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या काळात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. तेथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. सर्वत्र उपासमार असताना या विकाराची मुले मात्र सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा खालावली. पुढील संशोधनाने त्यांचा संशय खरा ठरवला.

लक्षणे गहू सुरू केल्यावर लगेच दिसत नाहीत. त्याला काही आठवडे किंवा महिने लागतात. बहुधा सहा महिने ते दोन वर्षे या वयात पुढील चित्र दिसू लागते. शौचास वारंवार, भरपूर, फिकट आणि दुर्गंधीयुक्त होते. पोट फुगलेले, हातपाय व कुल्ले मात्र वाळलेले दिसतात. भूक मंदावते, बाळ सतत किरकिर करते. काहींना उलट्या होतात, तर काहींना चक्क बद्धकोष्ठ असते. लोहाचे औषध देऊनही रक्त वाढत नाही. सर्वांत बोलका पुरावा म्हणजे अंगणवाडीच्या कार्डावरील वजनाची रेषा. ती वर चढता चढता आडवी झाली किंवा खाली वळली, तर “दात येत आहेत”, “नजर लागली” असे म्हणून दिवस घालवू नका.

तथापि प्रत्येक जुलाब गव्हामुळे होत नाही. जंतुसंसर्ग, जंत, जुलाबानंतर तात्पुरते दूध न पचणे, गाईच्या दुधाची ॲलर्जी, क्षयरोग अशी कारणेही असतात. गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे ही गव्हाची ॲलर्जी होय. ती वेगळी असून अशा वेळी गहू पुन्हा न देता तातडीने रुग्णालय गाठावे.

सीलिॲकची पहिली तपासणी रक्ताची असते. ‘टीटीजी आयजीए’ नावाची प्रतिपिंडे मोजतात आणि त्याच नमुन्यात एकूण आयजीए पाहतात. कारण ते मुळातच कमी असेल तर पहिला निकाल फसवा ‘नॉर्मल’ येतो. निकाल संशयास्पद असल्यास पोटाचे तज्ज्ञ दुर्बिणीतून आतड्याचे सूक्ष्म तुकडे घेऊन खात्री करतात. प्रतिपिंडे फारच वाढलेली असतील, तर आणखी एका रक्ततपासणीवर निदान होऊ शकते. तो निर्णय तज्ज्ञांनी घ्यावा.

आता क्रमाचे कारण. गहू बंद केला की ही प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात आणि आतडे भरून येऊ लागते. मग तपासणी निर्दोष येते आणि खरा आजार लपून राहतो. उलट, आजार नसताना बाळ विनाकारण वर्षानुवर्षे पथ्यात अडकते. गहू आधीच बंद केला असेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बाळ फार अशक्त असेल, डोळे खोल गेले असतील, लघवी कमी झाली असेल, तर घरी प्रयोग न करता त्याच दिवशी दाखवा.

निदान पक्के झाले, तर औषध एकच: जन्मभर ग्लूटेनमुक्त आहार. आपल्या खानदेशात हे पथ्य तुलनेने सोपे आहे. ज्वारी, बाजरी, नागली, मका, तांदूळ, डाळी, केळी, दूध, अंडी सारे चालते. कळण्याची भाकरीही चालते. दडलेला गहू मात्र ओळखावा लागतो: रवा, मैदा, शेवया, लापशी, टोस्ट, सातूचे पीठ, बहुतेक घरचे मेतकूट, बाजारचे बांधानी हिंग. गावच्या गिरणीत गव्हानंतर ज्वारी दळली, तरी त्या पिठात गहू उतरतो. म्हणून धान्य स्वच्छ केलेल्या वेगळ्या जात्यावर किंवा घरच्या चक्कीवर दळावे. कणकेची चाळणी आणि पोळपाट-लाटणेही वेगळे ठेवावे.

येथे आजी-आजोबांची खरी कसोटी लागते. “एका बिस्किटाने काय होते?” किंवा “प्रसादाचा शिरा आहे, नाही म्हणू नये” असे वाटणे मायेचेच आहे. पण तेवढ्याने आतड्याची जखम पुन्हा उघडते, मूल वरवर खेळते दिसले तरीही. प्रसाद म्हणून केळे द्यावे. श्रद्धेत काही उणे पडत नाही. बाळाच्या भावंडांची आणि आई-वडिलांचीही एकदा रक्ततपासणी करून घ्यावी, कारण हा विकार कुटुंबात आढळतो.

आणि निरोगी बाळाला भीतीपोटी गहू उशिरा देण्याचे कारण नाही. उशीर केल्याने हा आजार टळत नाही. सहा महिन्यांनंतर थोड्या प्रमाणात सुरुवात करावी, दर महिन्याला वजन करावे आणि ती रेषा स्वतः वाचायला शिकावे.